पडीक शेतावर आपोआप वाढलेले जंगल की लावलेले वन: मातीतील कार्बनची तुलना

शेती थांबलेल्या जमिनीवर जंगल आपोआप वाढू द्यावे की रोपे लावून वन उभारावे, हा प्रश्न बहुधा लाकडाच्या हिशेबाने सोडवला जातो. वास्तविक पहिल्या 1 मीटर खोलीपर्यंतच्या मातीत जगभरात सुमारे 1,500 अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे आणि तो सर्व वनस्पतींतील कार्बनपेक्षा कितीतरी अधिक आहे.

गुओ आणि गिफर्ड या संशोधकांनी 2002 मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात पिकाखालची जमीन लागवडीच्या वनाखाली आल्यावर मातीतील कार्बन सरासरी 18 टक्के, तर नैसर्गिक पुनर्वाढीत 53 टक्के वाढल्याचे आढळले. लागवडीपूर्वीची नांगरट, ठरावीक काळाने होणारी तोड आणि एकाच जातीचा पालापाचोळा ही या तफावतीची संभाव्य कारणे आहेत.

लागवडीत जातीची निवडही महत्त्वाची ठरते. पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षांची पाने सावकाश कुजतात, त्यामुळे कार्बन जमिनीवरच्या थरात साचतो आणि वणव्यात सहज जातो. रुंद पानांच्या अनेक वृक्षांखाली मात्र गांडुळे व सूक्ष्मजीव तो खाली नेतात आणि तेथे तो खनिजकणांना चिकटून अधिक काळ टिकतो.

अर्थात, नैसर्गिक पुनर्वाढीला जवळपास बीज देणारे जंगल लागते. ते नसेल, तर मिश्र लागवड मला अधिक सयुक्तिक वाटते. जुन्या गवताळ कुरणावर मात्र वृक्षलागवडीची घाई करू नये, कारण त्याच विश्लेषणात अशा बदलानंतर मातीतील कार्बन सरासरी 10 टक्क्यांनी घटला होता.