टास्क शेड्युलर: पासवर्ड कुणी टाको न टाको, मशीन चालू झालं की काम सुरू

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यात सकाळी ऑफिसचं मशीन चालू करणारा माणूस एक आणि त्याचा पासवर्ड ठाऊक असणारा हिशेबनीस दुसरा, हे नेहमीचंच. नवी पेठेतल्या दुकानांतही तसंच. मग बॅकअप व्हायचा तर हिशेबनीस येऊन लॉगिन करेपर्यंत थांबायचं. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे पासवर्डच काढून टाकायचा किंवा ऑटो लॉगिन लावायचं. तो करू नये. बटण दाबणाऱ्या कुणाच्याही पुढ्यात सगळे हिशेब उघडे पडतात. विंडोजमध्ये फुकट मिळणारा टास्क शेड्युलर, म्हणजे ठरवून दिलेलं काम आपोआप चालवणारा प्रोग्रॅम, हेच काम लॉगिनशिवाय करतो, होम आवृत्तीतसुद्धा. हे साधन चांगलं आहे आणि भरवशाचं आहे. पण त्याची मुळातली सेटिंग्ज आपल्याकडच्या विजेला आणि आपल्या वापराला धरून नाहीत, ती बदलावी लागतात.

सुरुवात 'क्रिएट टास्क'ने करा. 'क्रिएट बेसिक टास्क'च्या वाटेत लॉगिनचा प्रश्न येतच नाही. जनरल टॅबवर 'चेंज युजर ऑर ग्रुप' दाबून 'सिस्टम' लिहा आणि ओके करा. हे विंडोजचं स्वतःचं खातं. या खात्याला पासवर्डच नसतो, त्यामुळे विचारला जात नाही आणि पुढे बदलला म्हणून काम अडतही नाही. ट्रिगरमध्ये, म्हणजे टास्क कधी सुरू व्हायचा ते ठरवायच्या जागी, 'अ‍ॅट स्टार्टअप' निवडा आणि 'डिले टास्क फॉर'मध्ये १ मिनिट द्या, म्हणजे डिस्क आणि नेटवर्क जागेवर आलेले असतात. अ‍ॅक्शनमध्ये बॅच फाइलचा, म्हणजे बॅकअपच्या आज्ञा लिहिलेल्या फाइलचा, पूर्ण पत्ता टाका. 'स्टार्ट इन'मध्ये फोल्डरचा पत्ता लिहायचा, पण अवतरणचिन्हं न लावता. ती लावली की टास्क सुरूच होत नाही.

आपल्या नावाच्या खात्यावरून चालवायचं असेल तर 'रन व्हेदर युजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट' निवडावं लागतं. सेव्ह करताना पासवर्ड मागितला जातो. तिथे पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. तो नंतर बदलला की टास्क गप्प बसतो आणि 'लास्ट रन रिझल्ट'मध्ये पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश दिसतो. ज्या खात्याला पासवर्डच नाही त्यावरून हा प्रकार चालत नाही, कारण कोऱ्या पासवर्डची खाती विंडोज फक्त समोर बसून लॉगिन करायला वापरू देतं. म्हणजे पासवर्ड काढून टाकणाऱ्याची ही वाटही बंद होते. शेजारी 'डू नॉट स्टोअर पासवर्ड'ची खूण आहे. ती केली तर टास्कला फक्त त्याच मशीनवरच्या फाइली मिळतात, नेटवर्कवरच्या नाहीत.

आता विजेचं. 'कंडिशन्स' टॅबवर 'संगणक एसी पॉवरवर असेल तरच सुरू करा' आणि 'बॅटरीवर गेला तर थांबवा' या दोन्ही खुणा आधीपासून केलेल्या असतात. डेस्कटॉपला काय फरक पडतो, असं वाटेल. पण यूपीएसची यूएसबी केबल मशीनला जोडलेली असेल तर विंडोज त्या यूपीएसला बॅटरी समजतं. लाइट गेली की अर्धा झालेला बॅकअप तिथेच तोडला जातो. दोन्ही खुणा काढा. ठरलेल्या वेळेचा टास्क असेल तर 'सेटिंग्ज' टॅबवर 'चुकलेला टास्क शक्य तितक्या लवकर चालवा' ही खूणही करा, नाहीतर रात्री नऊला लाइट नसेल तर त्या दिवसाचा बॅकअप गेलाच.

सगळ्यात फसवी गोष्ट फास्ट स्टार्टअपची. संध्याकाळी नीट शटडाऊन केलेलं मशीन सकाळी खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होत नाही, विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवलेला असतो आणि तोच उठवला जातो. म्हणून 'अ‍ॅट स्टार्टअप' लागूच होत नाही. रीस्टार्ट केलं तर मात्र टास्क चालतो, लाइट जाऊन मशीन धाडकन बंद पडलं असेल तरीही चालतो. त्यामुळे चाचणी घेताना सगळं ठीक दिसतं आणि रोजच्या वापरात चालत नाही. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल, तो लागू दे.

बॅकअपसाठी रोबोकॉपी, म्हणजे फाइली कॉपी करणारी विंडोजमधलीच आज्ञा, वापरत असाल तर दोन गोष्टी. उघडी असलेली फाइल भेटली तर ती मुळात १० लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. टास्क 'रनिंग' असाच दिसत राहतो आणि पहिला चालू असताना दुसरा सुरू करायचा नाही हा नियम असल्याने दुसऱ्या दिवशीचाही अडतो. त्या आज्ञेत आर स्विचला (किती वेळा प्रयत्न) २ आणि डब्ल्यू स्विचला (किती सेकंद थांबायचं) ५ द्या. शिवाय 'टास्क तीन दिवसांपेक्षा जास्त चालला तर थांबवा' तिथे दोन तास करा. दुसरी गोष्ट म्हणजे रिझल्टमध्ये १ आकडा आला म्हणून घाबरू नका. रोबोकॉपीत १ म्हणजे फाइली नीट कॉपी झाल्या, ८ आणि त्यापुढचे आकडे खऱ्या चुकीचे. बाकीच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये मात्र १ म्हणजे गडबडच.

सिस्टम खात्याच्या मर्यादाही ध्यानात ठेवा. नेटवर्कवरच्या फोल्डरला जोडलेला तुमचा झेड ड्राइव्ह त्याला दिसत नाही, नेटवर्कचा पूर्ण पत्ताच लिहावा लागतो, आणि साध्या वर्कग्रुपमध्ये एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर) त्याला बहुधा प्रवेशच मिळत नाही. तिथे पासवर्ड साठवलेलं खातं घ्या. पडद्यावर काहीच दिसत नाही, म्हणून 'ओके दाबा' म्हणणारी खिडकी उघडणारा प्रोग्रॅम कायमचा अडकून बसतो. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर किंवा एक्सेल असं चालवू नका, त्यांच्या डेटाचं फोल्डर कॉपी करा. वनड्राइव्ह लॉगिननंतरच सुरू होतं, त्यामुळे दुसऱ्या डिस्कवरची प्रत सकाळीच तयार असते पण क्लाउडवर हिशेबनीस आल्यावरच चढते.

आणि बॅच फाइल सी ड्राइव्हवर नवीन फोल्डर करून ठेवू नका. तिथे साध्या युजरलाही बदल करता येतो, आणि त्या फाइलमध्ये कुणी एक ओळ घातली तर ती सिस्टमच्या पूर्ण अधिकारात चालेल. प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवा, तिथे लिहायला अ‍ॅडमिनचीच परवानगी लागते.

कमी पडतं ते कळवण्यात. टास्क फसला तर सांगायला कुणी नाही. ईमेल पाठवायची अ‍ॅक्शन यादीत अजून दिसते, पण विंडोज ८ पासून ती बाद ठरवलेली आहे. हिस्टरीसुद्धा बंदच असते. उजवीकडे 'एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी' दाबून ती पहिल्याच दिवशी चालू करा, आणि रोबोकॉपीला लॉग फाइल लिहायला सांगून त्या फाइलचा शॉर्टकट हिशेबनिसाच्या डेस्कटॉपवर ठेवा.