वजन उतरवायचं: डाएट की ऑपरेशन?

दहा-बारा किलोच जास्त असतील तर हा प्रश्नच येत नाही. प्रश्न पडतो तो बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) ३५-४०च्या घरात गेलेल्यांना, त्यातही मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर.

डाएटने सहसा ५ ते १० टक्के वजन उतरतं. साखर आणि रक्तदाबाला तेवढ्यानेही फरक पडतो. पण शरीर चिवट असतं. वजन घटलं की भूक वाढते, कॅलरी कमी जळतात आणि काही वर्षांत बरंचसं वजन परत येतं. यावर ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणणाऱ्या नातेवाइकांकडे खुशाल दुर्लक्ष करावं.

स्लीव्ह या वजन उतरवण्याच्या ऑपरेशनात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढतात. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) मुख्यतः तिथेच बनतं, त्यामुळे भूकच मंदावते. वजन साधारण २५ टक्के उतरतं. सुरुवातीला फक्त पातळ: ताक, डाळीचं गाळलेलं पाणी, तेही घोट घोट. पुढेही ताटातली उसळ-पनीर आधी, भाकरी नंतर, आणि जेवताना पाणी नाही. बी१२, लोह, कॅल्शियम जन्मभर. पित्ताशयात खडे होऊ शकतात, छातीतली जळजळ वाढू शकते; ती आधीपासून असेल तर बायपास बरा (हृदयाचा नव्हे; जठर छोटं करून अन्न थेट पुढच्या आतड्यात नेणारं ऑपरेशन). थोडक्यात, डाएट इथेही सुटत नाहीच!

विमा मिळतो, पण अटी असतात. पॉलिसी आधी नीट वाचा.

माझ्या मते, बीएमआय ३५च्या पुढे आणि सोबत मधुमेह असेल तर ऑपरेशन लांबवत बसू नये. मधुमेह जितका जुना, तितकी तो आटोक्यात येण्याची शक्यता कमी.