एका ग्रीनवर दोन लाख भोकं

आधी तक्रार, मग कौतुक. शनिवारी सकाळी साडेसहाची गोल्फची वेळ ऑनलाइन बुक केली, फी पूर्ण भरली आणि पहिल्या ग्रीनवर, म्हणजे कपाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पोचलो तर समोर चाळणी! भोकांच्या रांगाच रांगा आणि त्यावर वाळूचा थर. बुकिंगच्या पानावर याबद्दल अवाक्षर नव्हतं. मेसेज नाही, पहिल्या टीपाशी, जिथून खेळ सुरू होतो तिथे, साधी पाटीसुद्धा नाही. काउंटरवरच्या मुलाला नंतर विचारलं तर म्हणाला, "सर, गुरुवारीच झालं काम. आता खेळता येतं की."

खेळता येतं म्हणजे कसं, तर दीड मीटरचा पट (ग्रीनवर चेंडू कपाकडे सरकवायचा हलका फटका) मी अगदी सरळ मारला. चेंडू तीन बारीक उड्या मारत गेला, उजवीकडे कलला आणि कपाच्या वीतभर अलीकडे एका भोकाच्या काठावर जाऊन बसला. अंड्याच्या ट्रेमध्ये अंडं बसावं तसा. माझा नेहमीचा भिडू पटरच्या, म्हणजे पट मारायच्या काठीच्या, तळाने आपल्या लाइनमधली भोकं दाबायला लागला, त्याला थांबवावं लागलं. 2019 पासून ग्रीनवरची चेंडूची खूण, बुटांचे ओरखडे बुजवायला नियमांत मुभा आहे. एअरेशनची, म्हणजे जमिनीत हवा खेळावी म्हणून मुद्दाम पाडलेली, भोकं मात्र त्यात येत नाहीत. चेंडू भोकात बसला तर क्लबच्या कमिटीने तसा स्थानिक नियम लावलेला असेल तरच दंडाशिवाय चेंडू हलवायची सूट. तसा नियम लावला होता का? फलकावर गेल्या महिन्याच्या स्पर्धेचे निकाल होते, बस. आम्ही आपसात ठरवून टाकलं की दोन पट झाले की पुढे चला. स्कोअरकार्ड खिशातच राहिलं.

एवढ्यावर मी एक तारा देऊन मोकळा झालो असतो. पण अठरा होल संपवून परत येताना सरावाच्या ग्रीनवर तेच काम चालू दिसलं आणि चहा सोडून मी तिथेच उभा राहिलो.

यंत्र शिलाई मशीनसारखं चालतं. पोकळ नळ्यांची रांग खाली-वर, खाली-वर, आणि मागे मातीच्या कांड्यांचा सडा. दोघं जण रुंद फावड्याने त्या कांड्या गोळा करत होते. मुकादमाने माझ्याकडे बघितलं, बहुधा चेहऱ्यावरची नाराजी वाचली, आणि एक कांडी उचलून माझ्या हातात ठेवली. "दाबून बघा साहेब."

करंगळीएवढी जाड कांडी, पण करंगळीहून थोडी लांब. खालचा भाग नुसती वाळू, बोटात सुटी होणारी. वरचा दोनेक सेंटीमीटरचा भाग मात्र काळपट तपकिरी, भिजलेल्या नमद्यासारखा. अंगठ्याने दाबला तर पाणी निघालं, कुजकट वासाचं. हाच तो थॅच. मेलेले देठ आणि मुळ्या कुजण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने साचत जातात, त्यांची गादी बनते. पाणी त्या गादीतच अडकतं, मुळ्या वरच्या वर राहतात, बुरशीला आयतं घर मिळतं. त्यावर रोजची पावलं आणि यंत्रांचं वजन, म्हणजे खालची हवाही कोंडलेली. नळीने हा मळ उपसायचा आणि भोकात कोरडी वाळू भरायची, हा त्यावरचा इलाज.

मी हिशोबी माणूस, तिथेच आकडे मांडले. भोकाचा व्यास 12 मिलिमीटर, दोन भोकांत अंतर 5 सेंटीमीटर. म्हणजे एका चौरस मीटरला 400 भोकं. 500 चौरस मीटरचं ग्रीन धरलं तर 2 लाख! आणि इतकी चाळण करूनही पृष्ठभागातून निघतो जेमतेम साडेचार टक्के भाग. मुकादम हसला. "म्हणून तर एकदा करून भागत नाही." वेळ हीच का, हेही त्याने सांगितलं. गवत जोरात वाढत असतं तेव्हाच भोकं पाडायची, म्हणजे ती लवकर मिटतात. नेमका तोच आपला खेळायचा हंगाम असतो, त्याला कुणाचा इलाज नाही.

मुद्दाम सोळाव्या दिवशी परत गेलो. भोकांच्या जागी बारीक ठिपके उरले होते, आजूबाजूपेक्षा किंचित गडद हिरवे. वाळू गवतात पार मुरलेली. चौथ्या ग्रीनवर मुकादम ग्रीनचा वेग मोजायचं स्टिंपमीटर लावत होता. एडवर्ड स्टिंपसनने 1935 मध्ये काढलेली ही युक्ती म्हणजे 36 इंची पन्हाळीसारखी पट्टी. खाचेत चेंडू ठेवायचा, पट्टी हळूहळू उचलायची, साधारण 20 अंशांवर चेंडू आपोआप सुटतो. तीन चेंडू इकडून, तीन उलट दिशेने, मग ते किती लांब गेले त्याची सरासरी. त्या दिवशी नऊ फुटांच्या जरा वर आली. मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते हे की चेंडू शेवटच्या हातभर अंतरातही डुगडुगला नाही.

बाकीचं थोडक्यात. अकराव्या होलच्या फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या हिरवळीच्या पट्ट्यावर) नवी निचऱ्याची चर खणून वर हिरवळ परत बसवली आहे, सांधा शोधावा लागतो. सातव्याचा बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, मात्र वाईट. वाळू इतकी पातळ झाली आहे की वेज (वाळूतून चेंडू उचलायची काठी) खालच्या टणक जमिनीवर आपटली आणि मनगटापर्यंत झणका गेला. चौदाव्यावर कपाच्या आतली वाटी फार वर बसवली होती. ती पृष्ठभागापासून निदान 25 मिलिमीटर खाली हवी. माझा आत चाललेला चेंडू तिच्या काठाला लागून बाहेर उडाला. तो पट मी अजून विसरलेलो नाही.

ग्रीनच्या कामाला माझ्याकडून पाच तारे, ग्राहकाला कळवण्याला एक. इथे एकच आकडा टाकता येतो म्हणून चार टाकले आहेत. क्लबच्या व्यवस्थापनाने हे वाचलं तर एवढंच सांगणं: त्या आठवड्यात फी कमी करा किंवा निदान आधी सांगा. भोकांबद्दल कुणी रागावत नाही, लपवल्याबद्दल रागावतात.

पुढचं कोअरिंग, म्हणजे हे भोकं पाडायचं काम, कधी, हे निघताना काउंटरवर विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. मुकादमाने खिशातली डायरी काढून लगेच आठवडा सांगितला. तेव्हा बुकिंगआधी साइट बघत बसू नका, फोन करून त्याला बोलवायला सांगा.