संध्याकाळची खोली: संपणारं घ्यावं की चालू राहणारं?

आमच्या डिफ्यूझरचा, म्हणजे सुगंधी तेलात काड्या खोचलेल्या बाटलीचा, वास मला येत नाही. घरी कुणी आलं की दारातच थबकून म्हणतं, "काय मस्त वास येतोय!" मग मी उगाच नाक वर करून हुंगते. काही नाही. बाटलीतलं तेल मात्र हळूहळू खाली जातंय. खर्च माझा आणि सुगंध पाहुण्यांना, असा हा हिशोब.

हे लक्षात आल्यापासून खोलीतल्या बाकीच्या लाडक्या वस्तूंकडेही मी त्याच नजरेनं बघायला लागले. वास, दिवे, मालिका, गाणी, सगळीकडे दोन जाती दिसतात. एक जात आपण सुरू करायची असते आणि काही वेळानं ती आपणहून संपते: मेणबत्ती, रेकॉर्डची एक बाजू, आठवड्याला येणारा एक भाग. दुसरी एकदा लावली की चालूच राहते: डिफ्यूझर, न संपणारी प्लेलिस्ट, एका दमात सोडलेला अख्खा सीझन. दिवसभराच्या कामानंतर जिथं बसायचं ती खोली तुम्ही मांडायला घेतली असेल आणि यातलं काय घ्यावं या घोळात असाल, तर माझं मत आधीच सांगून टाकते. जे जाणवायला हवं ते संपणारं घ्या. जे नुसतं असायला हवं ते चालू राहणारं. फक्त कुठली वस्तू कुठल्या खान्यात जाते याचा माझा अंदाज दोनदा साफ चुकला, म्हणून पुढचं सगळं.

मेणबत्ती की काड्यांची बाटली

माणसाच्या नाकात वास टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात. अशा रिसेप्टरांची जनुकं रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांनी १९९१ मध्ये उजेडात आणली आणि २००४ मध्ये त्या कामासाठी दोघांना नोबेल मिळालं. एवढी जय्यत यंत्रणा, पण तोच तो वास येत राहिला की काही मिनिटांत तिची दखल बंद. तिला बदल कळतो, सातत्य कळत नाही. डिफ्यूझरबद्दलची निम्मी नाराजी इथंच आहे. "वास गेला" म्हणून आपण बाटलीत आणखी काड्या खोचतो, तेल दुप्पट वेगानं उडतं, डोकं दुखायला लागतं आणि वास तरीही येत नाही.

काड्यांचा डिफ्यूझर घेताना काड्या बघा. वेताच्या हव्यात. वेतात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक नळ्या असतात, तेल त्यांतून केशाकर्षणानं वर चढतं आणि टोकाशी उडतं. बांबूच्या काडीत मध्येच पेरं येतात आणि वाट अडते. आठवड्यातून एकदा काड्या उलट्या करायच्या. धुळीनं तोंडं बुजली की तेल शिल्लक असलं तरी काड्या बदलायच्या. १०० मिलीची बाटली साधारण दोन-तीन महिने जाते. कमी काड्या ठेवल्या की वास मंद, पण मुक्काम लांबतो. आणि खाली बशी ठेवाच. काड्या उलटताना तेलाचे दोन थेंब माझ्या लाकडी टेबलावर पडले आणि तिथलं पॉलिश उठलं. तो डाग आता झाकून ठेवावा लागतो, आणि झाकायला तीच बाटली वापरते.

मेणबत्ती याच्या अगदी उलट. ती लक्ष मागते. पहिली सुगंधी मेणबत्ती मी आणली तेव्हा रोज दहा-पंधरा मिनिटं लावायची आणि जपून वापरतेय या समाधानात फुंकायची. आठवड्यात वातीभोवती खोल विहीर तयार झाली. कडेचं मेण जसंच्या तसं, ज्योत तळाशी गुदमरलेली, आणि काचेला आतून काळी झालर. मेणाला पहिल्या वेळची आठवण राहते म्हणतात ते खरंच. पहिल्यांदा लावाल तेव्हा वितळलेल्या मेणाचं तळं काचेच्या कडेला टेकेपर्यंत विझवू नका. भांड्याचा व्यास जितके इंच, ढोबळमानानं तितके तास. एकदा विहीर पडली की नंतर बहुतेक वेळा तेवढंच वर्तुळ वितळतं. माझी मी वाचवली ती अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलनं: वरून टोपी करून मध्ये भोक ठेवलं, उष्णता कडेला गेली आणि दोनेक तासांत पृष्ठभाग सपाट झाला. दर वेळी लावण्याआधी वात ६ मिलिमीटरपर्यंत कापायची, नाहीतर ज्योत नाचते आणि काजळी धरते. सलग चार तासांपेक्षा जास्त ठेवायची नाही. आपण खोलीबाहेर पडलो की विझवायची, यात तडजोड नाही.

मेण कुठलं, यावर लोक तावातावानं भांडतात. मधमाश्यांचं मेण कठीण, ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. सोयाचं त्याहून मऊ. पॅराफिन स्वस्त, आणि वास चांगला फेकतं. "नैसर्गिक" असं लेबल बघून काजळी होणार नाही असं समजू नका. जळतं ते थोडीफार काजळी करतंच, आणि लांब वात हे त्याचं मुख्य कारण. खिडकी किलकिली ठेवा. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी हा सगळा भागच सोडून द्यावा.

पाण्याचं बारीक धुकं सोडणारा अल्ट्रासोनिक डिफ्यूझरही मी काही दिवस चालवला. जड पाणी घातलं की त्यातले क्षार पांढऱ्या भुकटीच्या रूपानं टीव्हीच्या काळ्या पडद्यावर बसतात. पाणी रोज बदलायचं, टाकी रोज पुसायची. आता तो कपाटात आहे. घरात मांजर असेल तर तेलाच्या कुठल्याही साधनाबद्दल आधी पशुवैद्यांना विचारा. मांजराचं यकृत यातली बरीच द्रव्यं नीट मोडू शकत नाही, आणि टी ट्री तेल तर त्यांना सरळ विषारी.

मग घ्यायचं काय? बसायच्या खोलीत मेणबत्ती. काड्यांची बाटली तिथं, जिथून आपण नुसते जातो: दाराजवळचा बोळ, बाथरूम, जिन्याचं वळण. तिथं नाक दर वेळी दुसऱ्या हवेतून ताजं येतं. माझी बाटली मी बैठकीतून उचलून बोळात ठेवली. तेल तेच, काड्या त्याच, आणि पहिल्याच संध्याकाळी कुलूप काढून आत पाऊल टाकलं तर वास आला. मलाही.

दिव्यांत माझा अंदाज आपटला

वासाचा धडा मिळाल्यावर मी तोच नियम दिव्यांना लावला. रोज वेगळा प्रकाश, म्हणजे रोज जाणवेल! रंग बदलणारे स्मार्ट बल्ब आणले. जांभळा, समुद्री निळा, सूर्यास्त नावाची एक छटा. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथं चारसुद्धा निघाले नाहीत. जांभळ्या उजेडात पुस्तकाचं पान जांभळं, समोरच्या माणसाचा चेहराही जांभळा. तेव्हा उमगलं की दिव्याकडे आपल्याला बघायचंच नसतं. त्याच्या उजेडात दुसरं काहीतरी बघायचं असतं. प्रकाशाची डोळ्यांना सवय होणं हाच त्याचा उपयोग.

म्हणून इथं चालू राहणारं, स्थिर आणि कंटाळवाणं तेच घ्या. खोक्यावर तीन आकडे शोधा. २७०० केल्विन म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा उबदार उजेड, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. संध्याकाळी पहिला. दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप, तो ९० च्या वर हवा. त्याखाली त्वचा आणि लाल रंग मेल्यासारखे दिसतात. तिसरा ल्युमेन. ८०० ल्युमेन म्हणजे जुन्या ६० वॅटच्या बल्बइतका उजेड. एका मोठ्या छतावरच्या दिव्यापेक्षा खालच्या उंचीवर दोन छोटे बरे. छतावरून पडणारा प्रकाश माणसाच्या डोळ्यांखाली सावल्या पाडतो आणि सगळेच दमलेले दिसतात.

भिंतीला नवा रंग आधी की दिवा आधी, असा प्रश्न असेल तर दिवा. दुकानातल्या पांढऱ्या झगझगाटात मी शेवाळी म्हणून घेतलेला पडदा घरच्या उजेडात ओल्या मातीसारखा दिसला होता. रंगाचा तुकडा घरी आणा, अंधार पडल्यावर आपल्याच दिव्याखाली धरा, मग ठरवा.

उबदार उजेडाला एकच अपवाद. टीव्हीच्या मागे दिव्यांची पट्टी लावणार असाल तर ती ६५०० केल्विनची घ्या. चित्रातला पांढरा रंग त्याच प्रमाणावर ठरवलेला असतो. मागे पिवळा प्रकाश असला की पडद्यावरचं पांढरं निळसर भासतं.

मालिका: यात खरेदीच नको

नेटफ्लिक्सनं फेब्रुवारी २०१३ मध्ये 'हाउस ऑफ कार्ड्स'चे १३ भाग एकाच दिवशी सोडले, आणि अख्खा सीझन एका बैठकीत संपवणं हे हळूहळू सर्वमान्य झालं. मी दोन्ही करून पाहिलंय. रहस्य असलेली मालिका आठवड्याला एक भाग अशीच चांगली, कारण मधल्या सहा दिवसांत आपण संशयित बदलत राहतो. नर्मविनोदी, वीस-बावीस मिनिटांचे भाग असलेलं काही असेल तर एका वेळी तीन बघितले म्हणून काही बिघडत नाही. एका दमात पाहिलेल्या गंभीर मालिकेचं मात्र मला महिन्याभरानं फक्त शेवटचं दृश्य आठवतं.

त्यासाठी वेगळं काही विकत घ्यायला नको. सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करा. श्रेयनामावली शेवटपर्यंत चालू द्या. टीव्हीच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही एक असं आहे, हालचाल गुळगुळीत करणारं. कंपन्या त्याला वेगवेगळी नावं देतात. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो, टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनानं रचतो आणि भव्य प्रसंगही स्टुडिओतल्या तालमीसारखा दिसायला लागतो. तेही बंद. तुमच्या टीव्हीत फिल्ममेकर मोड असेल तर एका बटणात काम होतं.

रेकॉर्ड की स्ट्रीमिंग

इथं दुसऱ्यांदा चुकले, तेही पूर्ण खात्रीनं. माझ्याच तर्कानं बघितलं तर रेकॉर्ड प्लेयर हा उघड विजेता. कोलंबियानं १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आणली: १२ इंच, मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचं संगीत. बाजू संपली की सुई आतल्या रिकाम्या खाचेत खरखरत राहते आणि उठावं लागतं. याहून चांगलं "संपणारं" कुठं मिळणार? भावाचा प्लेयर दोन महिन्यांसाठी घरी आणला.

खूप आवडलं, हे आधी कबूल. तबकडी पाकिटातून काढताना दोन्ही तळहातांनी फक्त कडा धरायच्या, ब्रश टेकवून दोन फेरे फिरवायचा, सुई सोडायची, आणि गाणं सुरू होण्याआधीचा तो एक मऊ टक्क आवाज. तेवढ्या वेळात मन आपोआप शांत होतं. पण आवाजाच्या शुद्धतेसाठी घेत असाल तर थांबा. सीडीचं १९८२ पासूनचं प्रमाण, १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ, त्यालाच तबकडी मोजमापात गाठत नाही, आणि आजचं लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काही न गाळणारं, स्ट्रीमिंग निदान तेवढं तरी देतंच. तबकडीचा फिरण्याचा वेग ठरलेला, पण आतल्या बाजूची वर्तुळं लहान, त्यामुळे एका सेकंदाला सुईखालून कमी लांबीची खाच जाते आणि बाजूच्या शेवटच्या गाण्यात तार सप्तक चिरकतो. तबकडीची जी ऊब म्हणतात ती काही अंशी या दोषांचीच आहे. मला ती आवडते, तरी दोष तो दोषच.

शिवाय प्लेयर एकटा येत नाही. फोनो प्रीअँप लागतो, कारण तबकडी कापताना खर्ज दाबलेला आणि तार उचललेला असतो, तो परत सरळ करावा लागतो. स्पीकर लागतात. सुई ५०० ते १००० तासांत बदलावी लागते. तबकड्या उभ्या ठेवायला फळी लागते, आडवी चळत लावली की त्या वाकतात. यातली प्रत्येक गोष्ट "एवढंच ना" म्हणत घरात येते.

स्ट्रीमिंगचा दोष वेगळा. कोट्यवधी गाणी, आणि मी तीच चाळीस ऐकते. अल्बम संपला की त्याच्यासारखं काहीतरी आपोआप सुरू होतं, त्यानंतर त्याच्यासारखं, आणि तासाभरानं मी ऐकत नसते, नुसती त्या आवाजात बसलेली असते. बोळातल्या बाटलीची जुनी कथाच ही, फक्त कानांची. परवाना संपला की आवडतं गाणं यादीत राखाडी पडतं, तेही आहेच. नवं काही शोधायला मात्र स्ट्रीमिंगला तोड नाही.

प्लेयरच्या विचारात असाल तर आधी एक महिना हे करून बघा. शफल बंद, ऑटोप्ले बंद. अल्बम पहिल्या गाण्यापासून क्रमानं, आणि मध्यावर थांबवून पुढचा अर्धा उठून हातानं लावायचा. फोन दुसऱ्या खोलीत. महिनाभर हे कंटाळा न करता जमलं, आणि पुन्हा पुन्हा लावावेसे वीसेक अल्बम हाताशी निघाले, तर प्लेयर घ्या, तो तुमच्याकडे धूळ खात पडणार नाही. मी केलं. अल्बम अकरा निघाले, आणि त्यातले चार फक्त मुखपृष्ठासाठी हवे होते. त्यातलं एक आता चौकटीत भिंतीवर आहे, २७०० केल्विनच्या दिव्याखाली. भावाचा प्लेयर परत गेला. ऑटोप्ले अजून बंद आहे.