टांगत्या कुंडीत कोण टिकेल: बॉस्टन, ॲस्परॅगस की हंसराज?

नर्सरीत टांगलेला बॉस्टन फर्न चारी बाजूंनी असा ओसंडत असतो की भाव न विचारताच आपण तो उतरवायला सांगतो. पण तिथे तो हिरव्या नेटखाली असतो आणि माळी दिवसातून दोनदा पाइप मारत असतो. आपल्याकडे त्याला हे कोण देणार? म्हणून ऊन-सावलीच्या आधी मी एकच विचारते: मे महिन्यात घरी कोण असतं?

आमच्याकडे कुणीच नसतं. एका वर्षी आठ दिवस गावी गेलो. बॉस्टन आणि ॲस्परॅगस फर्न पुण्यातल्या एकाच बाल्कनीत, एकाच दांडीला टांगलेले. परत आलो तेव्हा बॉस्टनच्या पानाला बोट लावलं आणि पानाच्या पाकळ्या चिवड्यातल्या पातळ पोह्यांसारख्या झरझर खाली पडल्या. ॲस्परॅगस नुसता पिवळा पडला होता. दोन्ही बुडापर्यंत कापले. ॲस्परॅगसला पंधरा दिवसांत कोंब आले, बॉस्टनने पहिला पाऊस येईपर्यंत मान वर काढली नाही.

कारण मुळांत आहे. ॲस्परॅगस हा मुळी नेचा, म्हणजे फर्नच नव्हे. तो दक्षिण आफ्रिकेचा, आपल्या शतावरीच्या कुळातला. मुळांना पाणी साठवणाऱ्या गाठी असतात आणि त्याला बारीक पांढरी फुलंही येतात. खऱ्या नेच्याला फूल कधीच येत नाही. ॲस्परॅगसला सकाळचं कोवळं ऊन चालतं, पाणी दोन दिवस चुकलं तरी तो कुरकुरत नाही. मात्र छाटताना काटे बोचतात आणि त्याची लाल फळं कुत्र्या-मांजरांना बाधतात. घरात मांजर असेल तर बॉस्टनच घ्या, तो निर्धोक आहे.

बॉस्टनची गोष्ट वेगळी. 1894 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाहून बॉस्टनला गेलेल्या रोपांत एक झुकत्या पानांचं रोप निघालं, त्यावरून हे नाव पडलं. त्याला ओलावा मातीत हवा तसा हवेतही हवा. मुंबईत, कोकणात हवेचा प्रश्न फारसा येत नाही. पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र पानांची टोकं करपतात. पानांवर पाणी फवारून घटकाभराचाच दिलासा मिळतो. कुंडी खाली उतरवून बादलीत बुडवावी, बुडबुडे थांबेपर्यंत धरावी आणि निथळून परत टांगावी. भिजलेली कुंडी भलतीच जड होते, तेव्हा हूक छतात पक्का बसवलेला हवा, ग्रीलला तारेने बांधलेला नको. काथ्याची टोपली दिसते छान, पण चहूबाजूंनी सुकते. उन्हाळ्यात प्लॅस्टिकची कुंडीच बरी. बोअरचं क्षारांचं पाणी टाळता आलं तर टाळा. कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यातही मीठ असतं.

हंसराज, म्हणजे मेडनहेअर फर्न, त्याच्याबद्दल थोडक्यात: घेऊ नका. पावसाळ्यात घाटातल्या ओल्या दगडांवर, विहिरींच्या भिंतींवर तो आपसूक उगवतो, म्हणून सोपा वाटतो. टांगत्या कुंडीत वारा लागतो आणि एकदा माती सुकली की दुपारपर्यंत पानं चुरगळतात. बाथरूमला उजेडाची खिडकी असेल तर तिथे ठेवून बघा.

आता चौथा, ज्याच्याबद्दल कुणी विचारत नाही: साधा नेचा. बऱ्याच नर्सऱ्यांत तो ‘बॉस्टन’ म्हणूनच खपवला जातो. पानं जरा अरुंद आणि उभट असतात. कुंडीच्या कडेची माती बोटाने उकरा, गोटीएवढ्या मऊसर गाठी लागल्या तर तो साधा नेचा. बॉस्टनला त्या नसतात. विक्रेत्याने फसवलं म्हणून चिडू नका, गुपचूप घरी आणा. गाठींतल्या पाण्यावर तो बॉस्टनपेक्षा दोन दिवस जास्त काढतो आणि तोही ओसंडून वाढतो, फक्त तितका झुकत नाही. सध्या आमच्या दांडीवर तोच आहे.

खत द्यायचंच तर पावसाळ्यात मूठभर गांडूळखत. नीम तेल बॉस्टनवर किंवा हंसराजवर सरसकट मारू नका, कोवळी पानं जळतात. आणि पानांखाली ओळीत तपकिरी ठिपके दिसले तर दचकू नका. ते बीजाणूंचे पुंजके असतात, नेच्याची नवी रोपं त्यांतून येतात. माझ्या सासूबाईंनी एकदा ते कीड समजून जुन्या टूथब्रशने घासून काढले होते, एकेक पान धरून.