शिंप्याच्या घरातल्या दोन कादंबऱ्या: आधी 'धग' की 'उसवण'?

उद्धव शेळके यांची 'धग' १९६० सालची. देविदास सौदागर यांची 'उसवण' २०२२ सालची, आणि २०२४चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार तिला मिळाला. दोघींमध्ये साठ वर्षांचं अंतर आहे, पण दोन्ही शिंप्याच्या घरातल्या. मी त्या अलीकडेच लागोपाठ वाचल्या आणि अजून त्यांतून बाहेर आलेलो नाही. यांतली एकच निवडायची असेल किंवा आधी कुठली वाचावी असा प्रश्न पडला असेल, तर माझं मत सांगतो.

'धग' ही कौतिकची कादंबरी आहे. नवरा महादेव शिंपी; पण कामात त्याचं मन नाही, डोकं तापट, घराची फिकीर नाही. कौतिक ते घर ओढत राहते. मजुरी करते, लेकरांना वाढवते, आणि पुढे नवऱ्याला महारोग झाल्यावरही हात टेकत नाही. शेळक्यांनी तिला कुठंही देवी केलेलं नाही, हे मला सगळ्यांत मोठं वाटलं. ती भांडते, हट्टाला पेटते, तिचे निर्णय चुकतात. लेखक मध्येच येऊन 'बघा, किती सोसते' असं सांगत नाही. त्यामुळे एखाद्या साध्या संवादानंतर पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहावं लागतं.

'उसवण'मधला विठू अगदी उलटा माणूस. त्याला शिवायचं आहे, हातात कसब आहे, मान मोडून काम करायची तयारी आहे. पण रेडीमेड कपडे आले आणि माप देऊन कपडे शिवून घेणारं गिऱ्हाईक तुटलं. घरखर्च मात्र थांबत नाही. महादेवकडे धंदा होता आणि मन नव्हतं. विठूकडे मन आहे, पण धंदाच पायाखालून सरकतोय. महादेवचा राग येतो, निदान राग धरायला एक माणूस सापडतो. विठूच्या गोष्टीत राग कुणावर काढायचा हेच कळत नाही, आणि ती घुसमट मला जास्त दिवस पुरली.

इथं आपण सोलापूरकर कोरडे राहूच शकत नाही. सौदागर तुळजापूरचे, म्हणजे आपल्यापासून तासाभराच्या अंतरावरचे, आणि त्यांनी स्वतः शिवणकाम केलेलं आहे. सोलापुरात गणवेशाचे आणि तयार कपड्यांचे कारखाने आहेत, इथला माल लांबलांबच्या राज्यांत जातो. कितीतरी घरांत पीसवर शिलाई करून चूल पेटते. ज्या तयार कपड्याने विठूचं दुकान बसवलं, तो कपडा आपल्याकडं कुणाचं तरी पोट भरतो. चादर आणि टॉवेलच्या गावात राहून, बंद पडलेल्या मिलच्या गोष्टी थोरामोठ्यांकडून ऐकून मोठा झालेला माणूस ही कादंबरी वाचताना दोन्ही बाजूंना उभा असतो. पुण्या-मुंबईचा वाचक हे समजून घेईल, पण त्याला ते असं आतून टोचेल का, याची मला शंका आहे.

भाषेचं गणित मात्र सरळ आहे. 'धग'मधले संवाद वऱ्हाडी आहेत. 'काहून', 'माह्या' अशा बोलण्याची सवय नसेल तर सुरुवातीची काही पानं जड जातात. त्यावर उपाय आहे, संवाद मोठ्यानं वाचा. कौतिकचं बोलणं कानावर पडलं की अडत नाही, उलट मग प्रमाण मराठीतलं निवेदन परकं वाटायला लागतं. 'उसवण'ची बोली आपल्या बोलण्याच्या जवळची आहे आणि पुस्तकही लहान आहे, दोन निवांत संध्याकाळी पुरतात. सौदागर कविताही लिहितात, ते वाक्यांत जाणवतं. काही ठिकाणी त्यांनी वाक्य जरा आवरायला हवं होतं, दुःख आधीच पोचलेलं असताना ते पुन्हा बोलून दाखवलं जातं. शेळके असं जवळजवळ कधीच करत नाहीत. कादंबरी म्हणून 'धग' मोठी आहे, यात मला तिळमात्र शंका नाही.

तरीही बऱ्याच दिवसांनी वाचनाकडं वळणाऱ्याला किंवा कॉलेजातल्या मुलाला मी 'उसवण'च आधी देईन. शिवणकाम, यंत्रमाग, बिडी अशा हाताच्या कामावर ज्याचं घर चाललं आहे, त्यालाही तीच आधी. वाचायची सवय आहे आणि एकच पुस्तक विकत घेण्याइतके पैसे आहेत, तर मात्र 'धग' घ्या, ती पुन्हा वाचावी लागते. आणि घरात कुणी फार आजारी असेल तर 'धग' सध्या बाजूला ठेवा. त्यातलं आजारपण लेखकानं काहीही न झाकता लिहिलं आहे.

दोन्ही वाचायच्या असतील तर माझ्यासारख्या लागोपाठ वाचू नका, मध्ये व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची 'बनगरवाडी' घ्या. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर, मेंढरं, ओसाड माळ, आणि कमी शब्दांत उभी राहणारी माणसं. सांगोल्याकडच्या माणसाला तो माणदेश घरचाच वाटेल. दुष्काळ तिथंही येतो, पण वाडीतली माणसं एकमेकांना धरून आहेत, आणि कौतिकनंतर लगेच विठूकडं जाण्याआधी तेवढा आधार मला हवा होता.