विमान हवेतच होतं, आणि नाशिकला 'कस्टम ड्युटी'चा फोन

सिडकोतल्या एका वहिनींचे १ लाख ९२ हजार ५०० रुपये एका दुपारी गेले. नवरा दोन वर्षांनी दुबईहून परतत होता. त्याने निघताना बोर्डिंग पासचा आणि सोन्याच्या दुकानातला फोटो फेसबुकवर टाकला होता. ठगांना तेवढं पुरलं. "मुंबई विमानतळ, कस्टम्समधून बोलतोय. तुमच्या मिस्टरांकडे सोन्याचं ५० ग्रॅमचं बिस्किट सापडलंय. साडेअडतीस टक्के ड्युटी भरा, नाहीतर अटक." नवऱ्याचा फोन बंद, बिस्किट आणणार हे वहिनींना ठाऊक, त्यामुळे विश्वास बसला. शिक्क्याची पावती व्हॉट्सअॅपवर आली. यूपीआयची दिवसाची मर्यादा १ लाख, म्हणून उरलेले ९२,५०० भावाच्या खात्यातून पाठवले. विमान उतरायला तेव्हा अजून ४० मिनिटं होती.

दर खोटा नव्हता. सवलत न मिळणाऱ्या प्रवाशाला ३८.५ टक्केच लागत, म्हणून तो खरा वाटतो. पण सहा महिने किंवा जास्त परदेशात राहून येणाऱ्या भारतीयाला १ किलोपर्यंत सवलतीचा दर मिळतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तो १५ वरून ६ टक्क्यांवर आला. त्या दराने बिस्किटाच्या ५ लाख किमतीवर साधारण ३० हजार. आणि मुख्य अट म्हणजे हे शुल्क परकीय चलनात भरायचं असतं. त्या नवऱ्याने उतरल्यावर रेड चॅनेलला, म्हणजे ड्युटी लागणारं सामान दाखवायच्या रांगेत, बिस्किट स्वतः दाखवलं, दिरहममध्ये ड्युटी भरली आणि बॅगेज रिसीट घेतली. घरच्या माणसाने नाशिकमधून रुपयांत भरायची सोयच या पद्धतीत नाही.

किंमतही सराफ बाजारातल्या भावाने धरत नाहीत. सरकार साधारण दर पंधरवड्याला डॉलरमध्ये जाहीर करतं, तो टॅरिफ दर लागतो. 'बाईला ४० ग्रॅम माफ' हे अर्धसत्यही नीट समजून घ्या: पुरुषाला २० आणि बाईला ४० ग्रॅम ही सूट फक्त दागिन्यांना, तीही वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांना. बिस्किट, नाणं त्यात येत नाही. पंधरा दिवसांच्या दुबई टूरवाल्यांनाही ती नाही.

त्या पावतीवर 'जामीन रक्कम' अशी एक ओळ होती. तिथेच थांबायला हवं होतं. कस्टम्स फोनवर जामीन घेत नाही. दंड लावायचा तर कस्टम्स कायद्याच्या कलम १२४ खाली प्रवाशालाच नोटीस द्यावी लागते. माल अडवला तर डिटेन्शन रिसीट त्याच्याच हातात पडते. विभागाच्या पत्रावर ८ नोव्हेंबर २०१९ पासून डिन, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक असतो, तो कस्टम्स चालवणाऱ्या केंद्रीय मंडळाच्या (सीबीआयसी) संकेतस्थळावर तपासता येतो.

सगळ्यात वाईट वाटतं ते पुढचं. नवरा कसारा घाट चढून घरी येईपर्यंत वहिनींनी तक्रारच केली नाही. तेवढ्या वेळात पैसे दुसऱ्या खात्यांत फिरले. पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, बँकेला कळवा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. ते घेऊन त्याच दिवशी सायबर पोलीस ठाण्यात जा. घरचा माणूस यायची वाट बघू नका.